गॉटिंगेनची शांतता

परदेशप्रवास करून आलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडून लंडन, पॅरिस, बर्लिन हीं नांवें आपण नित्य ऐकतों. तेथील मनोरे, राजवाडे आणि दुकानें यांचीं वर्णनें आतां घरांतल्या मुलांसहि पाठ झालीं आहेत. परंतु एखाद्या देशाचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर त्याच्या राजधानीपेक्षां एखाद्या मध्यम गांवांत चार दिवस राहावें, असें आमचें मत आहे. राजधानी पाहुण्यांसाठीं सजलेली असते. लहान गांवाला तेवढी सवड नसते. पाहुणा आला काय अन् गेला काय, तेथील पाववाला आपलें दुकान ठरल्या वेळीं उघडतो आणि ठरल्या वेळीं बंद करतो.

जर्मनींतील अशाच एका गांवीं गेल्या उन्हाळ्यांत जाण्याचा योग आम्हांस आला. गांवाचें नांव गॉटिंगेन. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे आमच्या मुलुंडांत तें दोनदां सहज मावेल. फ्रँकफुर्टहून आगगाडीनें तेथें दोन तासांच्या आंत पोहोंचतां येतें. आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त फ्रँकफुर्ट येथें असतो. त्यानें आमच्यासाठीं ऱ्हाईन नदीच्या कांठच्या किल्ल्यांची सफर योजिली होती. आम्हीं गॉटिंगेनचें नांव काढतांच तो म्हणाला, "काका, तिथं पाहण्यासारखं काय आहे?"

ज्यांनीं संस्कृत व्याकरणाचा थोडाबहुत अभ्यास केला आहे, त्यांना हा प्रश्न पडणार नाहीं. कीलहॉर्न यांचें तें गांव. फ्रान्ट्स कीलहॉर्न हे १८६६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक म्हणून आले, तेव्हां त्यांचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. पुढें पंधरा वर्षें ते पुण्यांत राहिले. शास्त्रीमंडळींच्या जवळ बसून त्यांनीं व्याकरणाची परंपरा समजावून घेतली, नागोजीभट्टांच्या परिभाषेन्दुशेखराचें संपादन व इंग्रजी भाषांतर केलें, आणि मग पतंजलीच्या महाभाष्याचीं हस्तलिखितें ताडून पाहून त्याची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. १८८१ सालीं ते मायदेशीं परतले व पुढच्या वर्षीं गॉटिंगेनच्या विद्यापीठांत संस्कृताचे अध्यापक झाले. महाभाष्याचा तिसरा व शेवटचा खंड मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत १८८५ सालीं निघाला. म्हणजे पुण्यांत आरंभिलेलें काम गॉटिंगेनांत सिद्धीस गेलें. त्याच १८८५ सालीं गॉटिंगेनच्या विद्यापीठानें रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस डॉक्टर ही सन्मान्य पदवी अर्पण केली. आपण ज्यांना डॉक्टर भांडारकर म्हणतों, त्यांची ही पदवी या लहानशा गांवाची आहे. एवढें कारण आम्हांस पुरेसें होतें. पुतण्या हंसला, आणि त्यानें किल्ले रद्द केले.

आम्ही उतरलों तो दिवस रविवारचा होता. जर्मनींत रविवार हा विसांव्याचा दिवस राज्यघटनेनें राखलेला आहे. १९१९ सालच्या वायमार घटनेंतील तें कलम १९४९ च्या घटनेंत जसेंच्या तसें घेतलें आहे. दुकानें बंद, रस्ते मोकळे, मधून मधून एखादी सायकल आणि चर्चमधील घंटा, एवढाच काय तो आवाज. रविवारीं घरांत भिंतीला भोंक पाडण्याचें यंत्र चालविलें तर शेजारी तक्रार घेऊन दाराशीं येतो, असें पुतण्यानें सांगितलें. ज्यांच्या खिडकीखालीं सकाळपासून जुन्या इमारती पाडण्याचें आणि नव्या चढविण्याचें काम चालतें, त्या उपनगरवासी मनुष्याला हें ऐकून काय वाटलें असेल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

गांवाच्या जुन्या तटाचा मातीचा बांध अजून टिकून आहे. त्यावरून झाडांच्या सांवलींत तासाभरांत गांवाला प्रदक्षिणा होते. आंत लांकडी चौकटींचीं जुनीं घरें आहेत. जुन्या नगरमंदिरापुढें एक कारंजें असून त्यावर हंस सांभाळणाऱ्या मुलीचा लहानसा पुतळा आहे. १९०१ सालचें तें कारंजें. नवा डॉक्टर झालेला विद्यार्थी वर चढून त्या मुलीला फुलें देतो आणि तिचें चुंबन घेतो, असा तेथील परिपाठ आहे. घराघरांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या दिसतात: अमुक पंडित अमुक सालीं येथें राहत होते. अशा पाट्या तीनशेंहून अधिक आहेत. राजेरजवाड्यांच्या ऐवजीं व्याकरणकार, गणिती आणि रसायनशास्त्रज्ञ यांचीं नांवें मिरविणारें गांव पाहून शिक्षकी पेशाच्या मनुष्यास समाधान वाटल्यावांचून राहत नाहीं.

कीलहॉर्न यांच्या आधीं तेथें संस्कृत शिकविणारे टेओडोर बेन्फाय यांचें नांव आमच्या घराघरांत ठाऊक असावयास हवें. आपल्या पंचतंत्राचें त्यांनीं भाषांतर केलें आणि १८५९ सालीं त्यास विस्तृत प्रस्तावना जोडून, करटक-दमनकांच्या गोष्टी पहलवी, सुरियानी व अरबी भाषांच्या वाटेनें युरोपांत कशा पोहोंचल्या, हें दाखवून दिलें. आजीनें नातवाला सांगितलेली गोष्ट किती दूर जाते, याचा शोध या शांत गांवांत लागला. बेन्फाय यांचा जन्म जवळच्याच एका खेड्यांतील ज्यू कुटुंबांत झाला होता. अध्यापकाचें पूर्ण पद त्यांना मिळालें तें १८६२ सालीं, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर. ही एवढी गोष्ट आम्हीं मनांत टिपून ठेविली.

आतां स्टेशनाबाहेर पाहिलेल्या एका वस्तूविषयीं सांगतों. गाडीतून उतरून बाहेर येतांच चौकांत एक मोठा चौथरा दिसतो. वर पुतळा नाहीं. पुतळा चोरीस गेला कीं अजून बसवावयाचा आहे, असें पाहणाऱ्यास वाटतें. चौकशी करतां कळलें कीं, हॅनोव्हर शहराच्या स्टेशनापुढें राजा अर्न्स्ट ऑगस्ट याचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्याची ही प्रतिकृति. एका शिल्पकर्त्रीनें ती २०१५ सालीं येथें उभारली, आणि घोडा व राजा हे दोघेहि मुद्दाम वगळले. मूळ चौथऱ्यावर, प्रजापालक राजास त्याच्या एकनिष्ठ प्रजेकडून, अशा अर्थाचा लेख आहे. येथें प्रजेच्या जागीं सात अध्यापकांचा उल्लेख आहे.

हे सात कोण? १८३७ सालीं अर्न्स्ट ऑगस्ट हॅनोव्हरच्या गादीवर बसला आणि चार वर्षांपूर्वीं दिलेली राज्यघटना त्यानें रद्द केली. सरकारी नोकरांनीं त्या घटनेची शपथ घेतलेली होती. गॉटिंगेनच्या सात अध्यापकांनीं नोव्हेंबर महिन्यांत लेखी कळविलें कीं, आमची शपथ आम्हांस बांधलेली आहे. ती राजाच्या इच्छेनें सुटत नाहीं. ज्यांच्या परीकथा आपलीं नातवंडें वाचतात, ते याकोब व विल्हेल्म ग्रिम हे दोघे बंधु त्या सातांत होते. सातांसहि डिसेंबरांत नोकरींतून काढण्यांत आलें, आणि याकोब ग्रिम, डालमान व गेर्विनुस या तिघांस तीन दिवसांत राज्य सोडून जाण्याचा हुकूम झाला. विद्यार्थ्यांनीं सीमेपर्यंत जाऊन त्यांस निरोप दिला. ज्या वर्षीं हें घडलें, त्याच वर्षीं मालवणांत भांडारकरांचा जन्म झाला, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटला.

येथेंच थांबतां आलें असतें तर हा लेख निव्वळ स्तुतीचा झाला असता. परंतु दुसऱ्या दिवशीं आम्ही गांवाच्या स्मशानभूमींत गेलों. तेथें आठ नोबेल पारितोषिकविजेते विश्रांति घेत आहेत. त्यांपैकीं माक्स बॉर्न यांच्या शिळेवर त्यांनीं शोधलेलें एक समीकरण कोरलेलें आहे. त्या शिळेजवळ उभें राहिल्यावर १९३३ साल टाळतां येत नाहीं.

त्या वर्षीं हिटलर सत्तेवर आला आणि एप्रिलच्या ७ तारखेस ज्यू वंशाच्या सरकारी नोकरांस काढून टाकण्याचा कायदा झाला. पहिल्या महायुद्धांत आघाडीवर लढलेल्यांना त्यांतून सूट होती, आणि नोबेल पारितोषिक मिळविलेले जेम्स फ्रांक हे त्या सवलतींत बसत होते. तरीहि त्यांनीं १७ एप्रिलला आपण होऊन राजीनामा दिला व त्याचें कारण उघडपणें सांगितलें. यावर गांवानें काय करावें? त्यांच्याच विद्यापीठांतील बेचाळीस अध्यापकांनीं सह्या करून वृत्तपत्रांत पत्रक छापलें कीं, फ्रांक यांचें हें कृत्य राष्ट्रास घातक आहे आणि सरकारनें शुद्धीकरणाचें काम लवकर पुरें करावें. बॉर्न गेले. गणिती रिखार्ड कूरांट गेले. एमी नोएथर या थोर विदुषी गेल्या. आरंभीं स्त्री म्हणून त्यांना स्वतःच्या नांवानें शिकविण्याची परवानगी नव्हती, म्हणून त्यांचीं व्याख्यानें डेव्हिड हिल्बर्ट यांच्या नांवाखालीं जाहीर होत. १० मे रोजीं याच गांवांत पुस्तकांची होळी झाली. १९३८ च्या नोव्हेंबरांत एका रात्रीं ज्यूंचें प्रार्थनामंदिर जाळण्यांत आलें.

बॉर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यांत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत येऊन राहिले होते. ज्यांना गॉटिंगेननें दार लावलें, त्यांना काही महिने आपल्या देशानें आसरा दिला. कायमची जागा मात्र आपणहि देऊं शकलों नाहीं, आणि ते एडिंबरोस गेले.

आम्हांस अस्वस्थ करणारी गोष्ट ही होती कीं, बेचाळीस सह्या करणारे थोडेच होते. बाकीच्या मोठ्या समुदायानें पत्रकावर सही केली नाहीं आणि पत्रकाविरुद्धहि एक अक्षर लिहिलें नाहीं. तट तोच, सायकली त्याच, रविवारच्या घंटाहि त्याच वाजत असतील. १९३३ च्या उन्हाळ्यांत एखादा प्रवासी तेथें उतरला असता तर त्यानेंहि घरीं लिहून कळविलें असतें कीं, गांव मोठें शांत आहे. आम्हीं अनुभविलेली आणि त्यानें अनुभविली असती ती, या दोन शांततांत कानाला कांहीं फरक कळला नसता. दूर बसून त्या लोकांस दोष देणें सोपें आहे, हें आम्ही जाणतों. भय खरें होतें. बायकामुलें होतीं, नोकरी होती. परंतु १८३७ सालच्या सातांनाहि नोकरी होती, आणि त्यांपैकीं कांहींना बायकामुलेंहि होतीं.

गॉटिंगेनच्या बाजूनें एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. गांवानें ही कहाणी झांकून ठेविलेली नाहीं. जळलेल्या प्रार्थनामंदिराच्या जागेला आतां त्याचेंच नांव असून १९७३ पासून तेथें स्मारक उभें आहे. बॉर्न म्हातारपणीं जर्मनींत परतले. १९५७ च्या एप्रिलांत पश्चिम जर्मनीच्या सैन्याला अण्वस्त्रें देण्याची भाषा सुरू झाली, तेव्हां अठरा शास्त्रज्ञांनीं जाहीर पत्रक काढून त्यास विरोध केला आणि अशा अस्त्रांच्या कामांत आपण कोणत्याहि प्रकारें भाग घेणार नाहीं, असें बजावलें. त्या अठरांत बॉर्न होते, ऑटो हान होते, हायझेनबर्ग होते. जुन्या सातांची आठवण ठेवून लोक त्यांस गॉटिंगेनचे अठरा म्हणूं लागले.

आतां घराकडे वळूं. आमचीं उपनगरें एकेकाळीं शांत होतीं, असें आमच्या वयाचीं माणसें वारंवार म्हणतात. मुलुंड व बोरिवली १९५७ सालीं बृहन्मुंबईंत आलीं. त्यापूर्वींच्या वाड्या, विहिरी आणि संध्याकाळच्या आरत्या यांच्या गोष्टी नातवंडांना सांगतांना आम्हां म्हाताऱ्यांचा गळा दाटून येतो. बाहेरची ती शांतता गेली आणि ती परत आणणें आपल्या हातीं नाहीं. घरांतली शांतता मात्र आपल्या हातीं आहे, आणि एकत्र कुटुंबांत तिचा अभिमानहि फार. "आमच्या घरांत कधीं कोणाचा आवाज चढला नाहीं," हें वाक्य आम्हीं कित्येक कर्त्या पुरुषांच्या तोंडून ऐकलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच म्हणत. तीन भावांचें जुनें घर. तें बांधकाम व्यावसायिकास देऊन त्या जागीं नवी इमारत उठावयाची होती. धाकटा भाऊ वारलेला, त्याची पत्नी त्याच घरांत राहते. थोरले बंधु आमचे जुने विद्यार्थी. ते मसुदा दाखवावयास आम्हांस घरीं बोलावून घेऊन गेले. मसुद्यांत दोन भावांचीं नांवें होतीं. "आणि धाकटीचं?" आम्हीं विचारलें. "सर, तिची कांहीं हरकत नाहीं. ती कधीं कांहीं बोलतच नाहीं." "तिला विचारलंत का?" यावर दोघेहि भाऊ गप्प झाले. मग थोरल्यांनीं तिला स्वयंपाकघरांतून बाहेर बोलावलें आणि विचारलें. ती पदराशीं चाळा करीत थोडा वेळ उभी राहिली व म्हणाली, "भाऊजी, कागदावर माझं नांव असावं, एवढंच." हें तिच्या मनांत सहा महिने होतें. त्या संध्याकाळीं त्या घरांत आवाज चढले, दोन दिवस कोणी कोणाशीं बोललें नाहीं. आणि तिसऱ्या दिवशीं कागद नव्यानें लिहिला गेला.

ही शिकवण घेण्यासाठीं गॉटिंगेनला जाण्याची गरज होती काय, असें कोणी विचारील. खरें पाहतां ती कीलहॉर्न ज्यासाठीं पुण्यास राहिले, त्याच ग्रंथांत आहे. महाभाष्य हा ग्रंथ शंका आणि समाधान यांनीं विणलेला आहे. एकजण नियम सांगतो, दुसरा आक्षेप घेतो, तिसरा अर्धवट उत्तर देतो, त्यावर पुन्हां आक्षेप येतो. आणि आक्षेप घेणाऱ्याला पतंजलि कोठेंहि हांकलून देत नाहींत. पाणिनीच्या सूत्रांवर सर्वांत अधिक शंका घेतल्या त्या वार्तिककार कात्यायनांनीं. कित्येक विद्वान त्यांस पाणिनीचे दोष काढणारे प्रतिस्पर्धी समजत. १८७६ सालीं कीलहॉर्न यांनीं मुंबईंत एक छोटें पुस्तक प्रसिद्ध करून दाखविलें कीं, सूत्रें तपासून पाहावीं, समर्थन करतां येईल तेथें तें करावें, आणि उणें असेल तेथें भर घालावी, हाच कात्यायनांचा हेतु होता. शंका घेणारा मनुष्य घराचा वैरी असतोच असें नाहीं, एवढें जरी आपण त्या पुस्तकावरून शिकलों तरी पुष्कळ झालें.

भांडारकर तें शिकले होते. ते स्वभावानें वादळी नव्हेत. पोथ्या, शिलालेख आणि ताम्रपट यांत त्यांचें आयुष्य गेलें. परंतु १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रांत रणें माजलीं, तेव्हां त्यांनीं आपली विद्या कपाटांत ठेविली नाहीं. विवाहाच्या वयासंबंधीं शास्त्रें काय सांगतात, हें पुराव्यानिशीं लिहून प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं त्यांनीं आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला. त्या काळच्या पुण्यांत याची किंमत काय पडत असे, हें आमच्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांस चांगलें ठाऊक होतें. लोकांच्या टीकेचा कोलाहल त्यांनीं दारांत येऊं दिला आणि आपल्या मुलीचें मुकें दुःख घरांत राहूं दिलें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां जुन्या घराचा, शेताचा, आईच्या दागिन्यांचा किंवा मुलीच्या लग्नाचा विचार निघणार आहे. त्या वेळीं वडील माणसांनीं आपलें मत शेवटीं सांगावें आणि सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला सर्वांत आधीं विचारावें. तें माणूस बहुधा स्वयंपाकघरांत असतें, किंवा दारामागें उभें असतें. त्याला बाहेर बोलावून बसावयास पाट द्यावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. सहा महिने मनांत राहिलेली गोष्ट ओठांवर यावयास थोडा वेळ लागतोच.